'हू' की 'लॉगिनसीटीएल': सर्व्हरवर नक्की कोण आहे?

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याचा लिनक्स सर्व्हर मी जळगावहून सांभाळतो. मे महिन्यात एका दुपारी 'हू' (आत्ता कोण लॉगिन आहे ते सांगणारी कमांड) पाच जण दाखवत होतं. ऑफिसात माणसं दोनच.

'हू' सहसा फक्त यूटीएमपी ही लॉगिनच्या नोंदींची फाइल वाचतं. लॉगिन झालं की एसएसएच सर्व्हर (दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम) तिथे नोंद टाकतो, जाताना तोच पुसतो. त्याची प्रोसेसच 'किल -९'ने, म्हणजे आवरायची संधी न देता मारली, तर पुसणार कोण? 'हू'च्या काही आवृत्त्या ती नोंद दाखवतच राहतात. म्हणून 'हू -यू'ने पीआयडी (प्रोसेसचा नंबर) काढा आणि 'पीएस'मध्ये, म्हणजे चालू प्रोसेसच्या यादीत शोधा. प्रोसेस सापडली नाही, तर नोंद शिळी. जास्तीच्या तिघांपैकी दोन अशाच निघाल्या. तिसरी जिवंत होती: लाइट गेली, पीसी बंद पडला, पण इन्व्हर्टरवरच्या सर्व्हरला कनेक्शन तुटल्याचं कळलंच नाही. त्यावर उपाय एसएसएचच्या सेटिंगमधलं 'क्लायंटअलाइव्हइंटरव्हल': समोरचा अजून आहे का, हे सर्व्हर ठरावीक वेळाने विचारतो.

'लॉगिनसीटीएल' या सिस्टिमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारी प्रणाली) कमांडचं तसं नाही. सिस्टिमडी प्रत्येक सेशनच्या (एका लॉगिनच्या) प्रोसेस एका सीग्रुपमध्ये, म्हणजे कर्नलच्या एका गटात ठेवतं, त्यामुळे तिची 'सेशन-स्टेटस' ही उपकमांड त्या थेट समोर मांडतं. सेशनची स्थिती 'क्लोजिंग' दिसली, तर माणूस गेलाय पण त्याचं टीमक्स (लॉगआउटनंतरही चालू राहणारं टर्मिनल) किंवा दुसरं काही मागे चालू आहे. लिनक्सवर मी आधी हेच बघतो. फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर सिस्टिमडी नाही, तिथे 'हू'च वापरायचं.