स्क्रिव्हनर : प्रेमकथांची मालिका लिहिणाऱ्यांसाठी कितपत उपयोगी?

प्रेमकादंबऱ्यांची मालिका लिहिताना लेखकाची खरी दमछाक होते ती आधी काय लिहून ठेवले आहे हे लक्षात ठेवताना. प्रत्येक पुस्तकात एका जोडीची कथा सुरू होऊन सुखान्तापर्यंत पोहोचते; पुढच्या पुस्तकात मात्र तेच घर, तेच गाव आणि तीच नातलग मंडळी राहतात आणि आधीच्या पुस्तकातली जोडपी आता संसारी होऊन कोपऱ्यात वावरतात. पहिल्या पुस्तकात नायकाच्या धाकट्या बहिणीविषयी सहज लिहिलेले एखादे वाक्य, तिचीच कथा सांगायची वेळ आली की लेखकाला बांधून टाकते. प्रतिलिपीसारख्या मंचावर भाग लिहून होतील तसे प्रसिद्ध होत असतील तर मागे जाऊन ते वाक्य गुपचूप बदलण्याचीही सोय उरत नाही, कारण वाचकांना ते पाठ झालेले असते.

यावर लेखकांनी आपापले उपाय काढलेले आहेत. जूलिया क्विन यांच्या ब्रिजर्टन मालिकेतील आठ भावंडांची नावे वयाच्या क्रमाने, इंग्रजी वर्णमालेनुसार, अँथनीपासून हायासिंथपर्यंत ठेवलेली आहेत. 2000 ते 2006 या काळात आलेली ती आठ पुस्तके भावंडांच्या वयाच्या क्रमाने लिहिलेली नाहीत. चौथ्या क्रमांकाच्या डॅफ्नीची कथा सर्वांत आधी आली. तरीही कोण थोरले आणि कोण धाकटे हे नावाच्या पहिल्या अक्षरावरून कळते. ही युक्ती मला फार आवडते. पण मराठी घरात आजोबांचे नाव नातवाला ठेवायचे असेल तर ती टिकत नाही. मग वही, एक्सेलचा तक्ता किंवा या परीक्षणाचा विषय असलेले स्क्रिव्हनर यांपैकी काहीतरी हाताशी लागते.

स्क्रिव्हनर हे कीथ ब्लाउंट यांनी स्वतःच्या लेखनाची गरज म्हणून घडवलेले सॉफ्टवेअर आहे. मॅकसाठी ते 2007 मध्ये, विंडोजसाठी 2011 मध्ये आणि आयफोन-आयपॅडसाठी 2016 मध्ये आले. सध्या वापरात असलेली तिसरी आवृत्ती मॅकवर 2017 मध्ये आणि विंडोजवर 2021 मध्ये उपलब्ध झाली. वर्डमध्ये कादंबरी म्हणजे एक लांबलचक फाइल असते, तर इथे ती प्रसंगाप्रसंगाच्या छोट्या तुकड्यांत साठवली जाते. हे तुकडे डाव्या बाजूच्या बाइंडर नावाच्या यादीत दिसतात आणि हवे तसे वर-खाली सरकवता येतात. छायाचित्रे, पीडीएफ आणि टिपणे त्याच प्रकल्पात वेगळी ठेवता येतात व ती अंतिम हस्तलिखितात मिसळत नाहीत.

मी यावर वाईतल्या एका घरातील चार चुलत भावंडांच्या प्रेमकथा लिहीत आहे. प्रत्येक पुस्तकाचा वेगळा प्रकल्प करावा की सगळ्या मालिकेचा एकच, हा पहिला निर्णय असतो आणि माझे मत निःसंशय दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. चारही पुस्तके एका प्रकल्पात असली की ‘माडी’ हा शब्द शोधताच त्या माडीचा उल्लेख असलेला प्रत्येक प्रसंग समोर येतो आणि जिना घराच्या पुढच्या बाजूला होता की मागच्या, याचा निकाल लागतो. पडदा दुभंगून एका अंगाला जुन्या पुस्तकातला लग्नाचा प्रसंग आणि दुसऱ्या अंगाला नवा मजकूर ठेवता येतो, ही सोय तर मालिका लिहिणाऱ्यासाठीच केली असावी असे वाटते.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक प्रसंगाला आपल्या मनाप्रमाणे रकाने जोडण्याची मुभा. मी एक रकाना ‘संबोधन’ या नावाने ठेवला आहे. मराठी प्रेमकथेत नायिका नायकाला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर नेमकी कुठे आणते, चारचौघांत पुन्हा ‘अहो’ म्हणते का, आणि पुढच्या पुस्तकात तीच वहिनी म्हणून वावरताना दिराशी कशी बोलते, यावर अर्धी गोडी अवलंबून असते. त्यात एक चूक झाली तरी वाचक लगेच जागा होतो. दुसरा रकाना तिथीचा आहे. गणेश चतुर्थी 2022 साली 31 ऑगस्टला आली आणि 2023 साली अधिक श्रावणामुळे 19 सप्टेंबरला, त्यामुळे लागोपाठच्या दोन वर्षांत घडणाऱ्या दोन पुस्तकांत ‘गौरी-गणपतीच्या सुट्टीत’ असे लिहिले तरी पाऊस, शेत आणि परीक्षा यांचे हिशेब वेगळे मांडावे लागतात. तुळशीच्या लग्नाआधी घरात थाटामाटाचे लग्न लावून मोकळे होण्याचा मोह हा रकाना वेळीच आवरतो.

कॉर्कबोर्डची मात्र गरजेपेक्षा जास्त स्तुती होते. टाचणीने लावलेल्या चिठ्ठ्यांसारखी प्रसंगांची मांडणी दिसायला मोहक आहे, पण सगळेच लेखक आराखडा आखून लिहीत नाहीत. नोरा रॉबर्ट्स आराखड्याशिवाय लिहितात, आणि जे. डी. रॉब या नावाने 1995 पासून चालवलेली त्यांची प्रेम आणि पोलिसी तपास यांची मालिका 50 पुस्तकांच्या पुढे गेली आहे. अशा सवयीच्या लेखकाने चिठ्ठीवरचा सारांश प्रसंग लिहून झाल्यावर भरावा; तेव्हा तो आराखडा न राहता नोंद होतो आणि नोंद म्हणूनच तो पुढच्या पुस्तकाला उपयोगी पडतो. स्नॅपशॉटची सोय याउलट फारशी चर्चेत नसते. प्रसंग पुन्हा लिहिण्यापूर्वी त्याची प्रत जपून ठेवता येत असल्यामुळे पहिल्या रुसव्याचा प्रसंग निर्धास्तपणे मोडून पाहता येतो.

शब्दसंख्येचे लक्ष्य ठरवण्याची सोयही कामाची आहे. पुस्तक पूर्ण करण्याची तारीख आणि लिहिण्याचे वार सांगितले की रोजचा हिशेब सॉफ्टवेअर स्वतः मांडते. इंग्रजी लेखकांचे आकडे मात्र जसेच्या तसे घेऊ नयेत. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटून येत असल्याने तेवढाच मजकूर कमी शब्दांत बसतो, हे ध्यानात ठेवून लक्ष्य खाली आणावे.

खरी अडचण शेवटी, कंपाइल करताना येते. तुकड्यांतून सलग पुस्तक तयार करणारी ही यंत्रणा समर्थ असली तरी किचकट आहे, आणि तिचे तयार साचे लॅटिन लिपी गृहीत धरतात, म्हणून देवनागरी टंक संपादनासाठी आणि कंपाइलसाठी असा दोन्हीकडे निवडावा लागतो. छापील पुस्तक करणाऱ्या मराठी लेखकाला या मेहनतीचा फायदाही थोडाच मिळतो. अनेक ठिकाणी अक्षरजुळणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत होते, युनिकोड मजकूर तिथे रूपांतरित करून पुन्हा तपासावा लागतो आणि आपण केलेली सजावट वाटेतच गळून पडते. साधी वर्ड फाइल काढून द्यावी, हे उत्तम. ई-पुस्तकासाठी ईपब काढताना मात्र कंपाइलशी झटापट केल्याचे सार्थक होते.

अँड्रॉइडसाठी स्क्रिव्हनर उपलब्ध नाही. लोकलमध्ये किंवा एसटीत फोनवर लिहिणाऱ्या लेखिकांची संख्या आपल्याकडे मोठी असताना ही उणीव लहान म्हणता येणार नाही. अशांना फोनवरच्या एखाद्या नोंदवहीत लिहून घरी आल्यावर मजकूर प्रकल्पात आणावा लागतो. चालू प्रकल्प गूगल ड्राइव्हवर ठेवू नये, असे निर्मातेच सांगतात, कारण एक प्रकल्प म्हणजे आतून अनेक छोट्या फाइल्सचा संच असतो. झिप केलेल्या सुरक्षित प्रती तिथे ठेवायला हरकत नाही, आणि त्या ठेवाव्यातच.

एकटी कादंबरी लिहिणाऱ्याला वर्ड किंवा गूगल डॉक्स पुरते. त्याने इथे पैसे घालू नयेत. तिसऱ्या पुस्तकाकडे निघालेल्या लेखकाला मात्र सुमारे 60 डॉलरची किंमत महाग वाटू नये, कारण ती एकदाच द्यायची असते आणि दरमहा वर्गणी नसते. मॅक आणि विंडोज यांचे परवाने वेगवेगळे आहेत, हे घेण्यापूर्वी पाहावे. विनामूल्य चाचणीचे 30 दिवस प्रत्यक्ष वापराचे मोजले जातात, तेव्हा फक्त शनिवार-रविवारी लिहिणाऱ्याला ती 15 आठवडे पुरते. एवढ्या अवधीत जुने पुस्तक आत आणून त्यातील माणसांची वये, नाती आणि तिथी तपासून होतात.