हीटिंग दिवसभर सुरू की गरजेपुरतं?

"थंड पडलेलं घर पुन्हा तापवायला जास्त ऊर्जा लागते, त्यापेक्षा हीटिंग सुरूच ठेवा," असं अनेकजण ठामपणे सांगतात. ते बहुतेक घरांत चुकीचं आहे. उष्णता किती वेगाने बाहेर जाणार, हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर ० अंश असताना आत २० ऐवजी १५ अंश ठेवले, तर ही गळती साधारण पाव हिश्शाने कमी होते. घर रिकामं असतानाही २० अंश राखले, तर तेवढी जास्तीची उष्णता भिंतींतून, छतातून, फटींतून जातच राहते. नंतर घर तापवायला लागणारी ऊर्जा या बचतीहून जास्त नसते.

म्हणून बॉयलर (पाणी तापवून त्याने घर गरम करणारं यंत्र) किंवा साधा विजेचा हीटर असेल, तर माझा कौल टायमर लावून गरजेपुरत्या हीटिंगला. हीट पंपाचं, म्हणजे बाहेरची उष्णता घरात आणणाऱ्या विजेच्या यंत्राचं, गणित वेगळं. तो सावकाश, कमी गरम पाण्यावर चालताना जास्त कार्यक्षम असतो, त्यामुळे तिथे तापमान फार खाली न नेलेलंच बरं. आणि पाइप गोठतील अशा थंडीत हीटिंग पूर्ण बंद करू नका.

घरी आल्या आल्या थर्मोस्टॅट (हवं ते तापमान लावायचं नियंत्रक) २८ वर नेल्याने साध्या बॉयलरवर खोली लवकर तापत नाही. तो वेग वाढवत नाही, फक्त कुठे थांबायचं ते ठरवतो.

छताला आणि भिंतींना चांगलं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) असेल, तर घर थंडच हळू होतं आणि दोन्ही पर्यायांतला फरक उरतो थोडासा. पैसे घालायचे असतील तर आधी तिथे घाला.