टायमिंग बेल्टचे 8,250 रुपये घेतले आणि बेल्ट बदललाच नाही

36,350 रुपये गेले. गॅरेजवाल्याला दिलेले 8,250, टोचनचे 2,800, इंजिनचं हेड उघडून काम केलं त्याचे 23,400, आणि त्या दिवशी आईला धुळ्याला पोचवायला केलेल्या भाड्याच्या गाडीचे 1,900. लिहायला लाज वाटते. बावीस वर्षं पतसंस्थेत कॅशियर आहे, खोटी नोट बोटाला कळते मला. पण परवा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या बिलावर तसंच "टायमिंग किट", म्हणजे टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, लिहिलेलं दिसलं आणि राहवलं नाही.

गाडी 2008ची सॅन्ट्रो, वडिलांनी घेतलेली. 2023 मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा रीपासिंग करून घेतलं. "विकून टाका ना" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, आईला त्याच गाडीत बसायला बरं वाटतं आणि नवीन घ्यायची आत्ता ऐपत नाही.

फेब्रुवारीत सकाळी गाडी चालू केली की बेल्टच्या बाजूने शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा. ओढही कमी झाली होती. जळगावातल्या ज्या गॅरेजवर गेलो तो मालक ओळखीतून मिळालेला. आधी दोनदा वायपर आणि बल्बचे पैसेसुद्धा घेतले नव्हते त्याने. आता कळतं ते कशासाठी होतं. म्हणाला, "भाऊ, टेन्शनर वाजतोय, बेल्टपण संपलाय. तुटला तर इंजिन बसेल." टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारी कप्पी. हे शब्दशः खरं होतं, आणि चीड येते ती याचीच. टायमिंग बेल्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवतो. या इंजिनात तो तुटला की वरचे व्हॉल्व्ह जिथल्या तिथे थांबतात, खालून पिस्टन येऊन त्यांना धडकतो. त्याला सगळं माहीत होतं. माहीत असून त्याने तो बेल्ट तसाच ठेवला आणि माझ्या म्हाताऱ्या आईला त्या गाडीत बसू दिलं.

बिल असं: बेल्ट आणि टेन्शनर 3,250, वॉटर पंप 1,650, कूलंट 480, ऑइल सील 370, मजुरी 2,500. साध्या कागदावर. ना जीएसटी नंबर, ना पार्ट नंबर. "पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वर लागतील" म्हणाला आणि मी गप्प बसलो. तुम्ही बसू नका. तो कर वाचवलेला नसतो, पुरावा विकलेला असतो.

आता ती संध्याकाळ सांगतो, जी दोन महिने डोक्यातून जात नाही. गाडी घरी आणली, वायपरचं पाणी भरायला बोनेट उघडलं. कूलंटच्या बाटलीत तेच जुनं, गंजाच्या रंगाचं तपकिरी पाणी. वॉटर पंप बदलायचा तर कूलंट सांडावंच लागतं, आणि नवीन कूलंटचे 480 तर मी मोजले होते! शेजारी टायमिंग कव्हरचे बोल्ट. त्यांच्यावर तेल आणि काळ्या मातीची धूळ मिळून जी खरड बसते ती तशीच होती, एकाही बोल्टच्या कडेवर पाना लागल्याची चमक नव्हती. मी दोन्ही पाहिलं. हातात मोबाइलचा उजेड होता. आणि बोनेट लावून टाकलं.

का? कारण दुसऱ्या दिवशी मार्चएण्डची तयारी होती, रात्री साडेआठ झाले होते, आणि ज्याने कधी वायपरचे पैसे घेतले नाहीत त्याला फोन करून "तू काम केलं नाहीस" कसं म्हणायचं असं वाटलं. शिवाय जुना बेल्ट त्याने पिशवीत घालून दिलाच होता. तो कोरडा, भेगाळलेला, वर जाळं लागल्यासारखा. माझी गाडी सकाळपर्यंत चालत होती, तिच्यातून काढलेल्या बेल्टवर जाळं कुठून येईल? एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. नुसता जुना पार्ट मागून उपयोग नाही, तो आपल्या डोळ्यांदेखत निघाला पाहिजे. कव्हर उघडल्यावर फोटो काढा, नवीन बेल्टवरचे आकडे दिसतील असा.

एप्रिलमध्ये धुळ्याला लग्न होतं. एरंडोल सोडून पारोळ्याकडे निघालो, दुपारचे दीड, आणि चालत्या गाडीत इंजिन एकदम बंद. धक्का नाही, धूर नाही. सेल मारला तर इंजिन नेहमीसारखं दम घेत फिरेना, नुसतं हलकं घुंईं करत फिरायला लागलं. तो हलका आवाज ओळखून ठेवा. तो आला की परत सेल मारू नका. मी सात-आठ वेळा मारला. आई उन्हात निंबाखाली बसलेली, तिला लवकर सावलीच्या गाडीत घ्यायचं एवढंच डोक्यात होतं.

पारोळ्यातल्या मिस्त्रीने कव्हर उघडलं. आत बेल्टचे दोन तुकडे, वरची अक्षरं पूर्ण पुसलेली, पंधराएक दात एका ओळीत सोललेले, आणि सगळा तेलाने ओला. म्हणजे 370 चं ऑइल सीलसुद्धा जुनंच. टेन्शनर हाताने हलवला तर खुळखुळा. तो सरळ म्हणाला, "भाऊ, हाऊ पट्टा कोनी बदलेलच नही शे." पिशवीतला बेल्ट दाखवला, तो दुसऱ्याच गाडीचा निघाला, रुंदीच वेगळी. बारा व्हॉल्व्हपैकी आठ वाकले होते. बिल भरलं तेव्हा मीटर 88,410 होतं, गाडी बंद पडली तेव्हा 89,960. साडेपंधराशे किलोमीटर.

गॅरेजवाला फोनवर म्हणाला, "पार्टची गॅरंटी आम्ही देत नाही." नंतर फोन उचललाच नाही.

मग पोलीस. जिथे गाडी बंद पडली तिथल्या ठाण्यात म्हणाले, पैसे जळगावात दिले ना, तिकडे जा. जळगावातल्या ठाण्यात म्हणाले, गाडी इकडे बंद पडली नाही, आणि हा तर दिवाणी मामला. मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 म्हटलं, खोटा जुना बेल्ट हातात दिला ही फसवणूकच आहे ना, तर हवालदार म्हणाले, "वकील आहात का?" अर्ज ठेवून घेतला, पोच देईनात. पोच म्हणजे अर्जाच्या झेरॉक्सवर एक शिक्का! त्यासाठी तीन चकरा, तिन्ही अर्ध्या रजेवर. तिसऱ्या वेळी साहेब बंदोबस्तात. आरटीओच्या खिडकीवर सांगितलं, गॅरेजवर आमचा अधिकार नाही. मग कोणाचा आहे? पीयूसी एक दिवस उशिरा झाली तर दंड लगेच येतो, आणि हायवेवर माणसं मरू शकतील असं काम करणाऱ्याला विचारणारा कोणी नाही. चौथ्या ठिकाणी एका बाईंनी समजुतीने सांगितलं, "काका, मिटवून घ्या." काय मिटवून घेऊ? त्याने माझ्याकडे एक रुपयासुद्धा परत धाडलेला नाही.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मिस्त्रीकडून सहीनिशी लिहून घेतलंय. तुमचं असं झालं तर दुरुस्तीच्या आधी फोटो आणि हे लिखाण घ्या, हेड जोडल्यावर काहीच दाखवता येत नाही. माझ्याकडे फोटो चारच आहेत, ते पारोळ्याच्या पोराने स्वतःहून काढले म्हणून.

बेल्टचे दोन तुकडे आणि तो परका बेल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, तारीख घालून, कपाटात ठेवलेत. जळगावात कोणाच्या बिलावर वॉटर पंप आहे आणि बाटलीतलं पाणी तपकिरी आहे, त्यांनी आजच बोनेट उघडून बोल्ट बघावेत. खरड तशीच असेल तर गाडी हायवेला काढू नका.