फोन आधीच ठरला होता, कंपनी ठरायची होती

लोक फोन घेताना कॅमेरा बघतात, बॅटरी बघतात. मी अंगठा बघितला. घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देणं हा माझा व्यवसाय. दिवसभर दुसऱ्यांचे खांदे-गुडघे हलवायचे आणि रात्री स्वतःचा अंगठा शेकत बसायचं, त्यात हल्लीचे ते भलेमोठे फोन. वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा न ताणता पोचेल असा फोन मला हवा होता. असे फोन बनवणं मोठ्या कंपन्यांनी जवळपास सोडूनच दिलंय. ॲपलची मिनीसुद्धा २०२१च्या आयफोन १३ बरोबर संपली. म्हणून एका छोट्या कंपनीचा छोटा फोन घेतला. नाव लिहीत नाही, कारण हे परीक्षण त्या फोनचं कमी आणि त्याला मानवेल असं सिम शोधण्याचं जास्त आहे.

फोनबद्दल थोडक्यात: खिशात मावतो, पडला तरी टिकतो, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते, कॅमेरा यथातथाच. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कॅमेऱ्याचा कापला, उरलेला एक नेटवर्कचा.

नेटवर्कच्या मर्यादा लपवलेल्या नव्हत्या. माहितीपत्रकात सगळं होतं: ४जीचे मोजके बँड (म्हणजे फोन पकडू शकतो ते फ्रिक्वेन्सीचे पट्टे), ५जीचा एकच, आणि व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, 'निवडक ऑपरेटरवर'. छोट्या कंपन्यांचं हे असंच असतं. प्रत्येक जास्तीच्या बँडसाठी आत वेगळे फिल्टर लागतात, अँटेनाची जुळणी करावी लागते, आणि एकेका ऑपरेटरकडे जाऊन फोन तपासून घेण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. मोठ्या कंपन्यांना ते परवडतं. त्यामुळे त्यांच्या फोनमध्ये कुठलंही सिम टाका, चालतं, आणि कंपनी निवडताना आपण फक्त प्लॅन बघतो. माझ्याकडे उलटा कारभार होता. फोन बदलायचा नव्हता. सिमची कंपनी बदलायची माझी तयारी होती.

माझं जुनं सिम वर्षानुवर्षांचं. नव्या फोनमध्ये टाकलं, इंटरनेट छान चाललं. त्रास सुरू झाला तो कॉलचा. नंबर लावला की पाच-सहा सेकंद नुसती शांतता, मग कुठे रिंग. समोरच्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नकाशा. नव्या पेशंटकडे निघालेय, नकाशा चालू आहे, तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन येतो, "मॅडम, कुठपर्यंत आलात?" मी बोलायला लागते आणि नकाशावरचा पुढचा रस्ता उमटायचाच थांबतो. निळा ठिपका पांढऱ्या पडद्यावर एकटाच सरकत राहतो. फोन ठेवला की दोन-चार क्षणांनी रस्ते परत येतात, तोवर वळण मागे गेलेलं असतं.

याचं निदान माझ्या एका पेशंट काकांनी केलं. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त, नुकताच गुडघा बदललेला, आणि व्यायाम टाळायला कुठलाही विषय चालणारे. म्हणाले, "डॉक्टर, बोलायला लागलात की वरच्या पट्टीतली अक्षरं बघा." बघितली. एरवी तिथे '४जी' असायचं. कॉल जोडताना ते गेलं आणि 'ई' आलं. ई म्हणजे एज, म्हणजे २जी.

काकांचा गुडघा वाकवता वाकवता जे समजलं ते असं. ४जी हे मुळात डेटाचं नेटवर्क. २जी-३जीमध्ये बोलण्यासाठी जी स्वतंत्र वाट राखून ठेवलेली असायची, ती ४जीत नाहीच. त्यामुळे ४जीवर कॉल दोनच प्रकारे होतो. एक तर आवाजही डेटा म्हणूनच पाठवायचा, हेच व्होल्टी. व्यावसायिक पातळीवर ते २०१२मध्ये अमेरिकेत आणि दक्षिण कोरियात सुरू झालं. नाही तर कॉलपुरतं खाली ३जी किंवा २जीवर उतरायचं आणि बोलून झालं की परत वर चढायचं. माझा फोन दर कॉलला हा जिना उतरत होता. रिंग जायच्या आधीची शांतता ती त्याचीच, नकाशा अडकायचा तोही त्यामुळेच. आवाजाचंही तेच: जुना अरुंद कॉल साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोचवतो, व्होल्टीवरचा एचडी कॉल ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत. 'स' आणि 'श'चा सळसळता भाग वरच्या पट्टीत असतो, तो अरुंद कॉलमध्ये छाटला जातो. 'सात' आणि 'आठ' यांतला फरक मग अंदाजानेच ओळखायचा. चुकीच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवल्याचं दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक.

आता हा जिना आहे तोवर कॉल निदान होतो तरी. तो काढून टाकला की? अमेरिकेत एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ला ३जी बंद केलं, तेव्हा त्यांनी मान्य केलेल्या फोनांच्या यादीत नसलेले चांगले धडधाकट ४जी फोनसुद्धा त्यांच्या नेटवर्कवर कॉलसाठी निकामी ठरले. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टसने २८ ऑक्टोबर २०२४पासून ३जी बंद करायला घेतलं. तिथे तर साधे कॉल ४जीवर आणि आणीबाणीचा कॉल मात्र ३जीवर, असेही फोन निघाले. आणीबाणीचा कॉल लागणार नाही असा फोन नेटवर्कवर चालूच द्यायचा नाही, असा तिथे नियम झाला. भारतात जिओ ५ सप्टेंबर २०१६ला आलं तेच मुळी २जी-३जीशिवाय. व्होल्टी नसलेल्या फोनवर बोलायला वेगळं ॲप टाकावं लागायचं. म्हणजे 'फोन ४जी आहे' या वाक्यातून त्यावर बोलता येईल की नाही, हे अजिबात कळत नाही.

हे मी जुन्या कंपनीच्या कस्टमर केअरला सांगून पाहिलं. "मॅडम, फोन रीस्टार्ट केला का?" केला. "सिम काढून घातलं का?" घातलं. "तुमचा फोन ४जी आहे, म्हणजे चालायला पाहिजे." नुसतं उंटावरून शेळ्या हाकणं. शेवटी लेखी तक्रार केली, तेव्हा एका ओळीचं उत्तर आलं: तुमचं मॉडेल आमच्या व्होल्टीच्या यादीत नाही. निदान खरं तरी बोलले. प्रत्येक फोनला १५ आकडी आयएमईआय असतो (स्टार हॅश ०६ हॅश दाबलं की दिसतो), आणि त्याच्या पहिल्या आठ आकड्यांवरून मॉडेल ओळखता येतं. यादी ठेवणाऱ्या कंपन्या तेवढं बघून दार उघडतात किंवा लावून घेतात. फोनमध्ये व्होल्टीचं बटण असून काही उपयोग नसतो. माझ्याकडे ते बटण होतं, चालू करता येत होतं, आणि त्याने काडीचाही फरक पडत नव्हता.

एका गोष्टीसाठी मात्र जुन्या कंपनीला मानलं पाहिजे. रेंज. तळघरातलं पार्किंग, लिफ्ट, दोन भिंतींआडची खोली, कुठेही रेंज जात नसे.

दुसऱ्या कंपनीकडे वळले तेव्हा नेमकं याच बाबतीत हात पोळले. ही कंपनी वेगासाठी नावाजलेली. सिम टाकल्या टाकल्या व्होल्टी चालू, रिंग सेकंदात, कॉल चालू असताना वरचं '४जी' ठाम, नकाशाही पळतोय. दोन दिवस मी हवेत. मग पेशंटच्या घरांत शिरले. आजारी माणसाची खोली बहुतेक घरांत आतली असते, शांत, रस्त्यापासून लांब. तिथे पोचेपर्यंत रेंजची एक कांडी उरायची, कधी तीही नाही. बाहेर आले की मेसेज: अमुक जणांनी इतक्या वेळा फोन केला होता. त्यांना 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' ऐकू येत होतं आणि मी रस्त्यापासून वीस पावलांवर कोणाचा तरी खांदा फिरवत होते.

कारण पुन्हा बँड. फ्रिक्वेन्सी जितकी खालची, तितका सिग्नल लांब जातो आणि भिंतींतून जास्त शिरतो. वरच्या फ्रिक्वेन्सीवर वेग मिळतो, पण काँक्रीटपुढे ती दमते. या कंपनीचा आत पोचणारा थर होता ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे बँड २८, आणि माझ्या फोनमध्ये नेमका तोच नाही. १८०० आणि २३०० होते, म्हणजे बँड ३ आणि ४०. त्यामुळे मोकळ्यावर फोन राजा आणि घरात भिकारी. कंपनीच्या वेबसाइटवरचा नकाशा बघाल तर सगळीकडे गडद रंग. तो खोटा नाही. तो सगळे बँड असलेल्या फोनसाठी काढलेला आहे. आपल्या फोनला त्यातला कुठला थर दिसतो, हे तो सांगत नाही.

तिसरी कंपनी माझ्या यादीत खरं तर नव्हतीच. जाहिराती कमी, ॲप कंटाळवाणं, ५जीचा फारसा गाजावाजा नाही. पण फोन बनवणाऱ्यांच्या 'निवडक' यादीत तिचं नाव होतं आणि तिचा खालचा थर ९०० मेगाहर्ट्झचा, बँड ८, तो माझ्या फोनला चालतो. एवढ्या दोन गोष्टी जुळल्यावर सिम घेतलं. पहिल्या दिवशी व्होल्टी चालू नव्हतं. कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडच्या मुलीने रीस्टार्टचा विषयही न काढता विचारलं, "सेटिंगमध्ये सिम स्टेटसला आयएमएस रजिस्ट्रेशन काय दाखवतंय?" तिला मिठी मारावीशी वाटली. आयएमएस म्हणजे कंपनीची व्होल्टी कॉल हाताळणारी यंत्रणा, तिथे माझ्या फोनची नोंद झाली की नाही हे तिथे दिसतं. 'नॉट रजिस्टर्ड' दाखवत होतं. तिने त्यांच्या बाजूने सेवा चालू केली, फोन बंद करून लावला, 'रजिस्टर्ड' आलं. आतल्या खोल्यांत आता दोन कांड्या राहतात. तळघरात रेंज कधीकधी जाते, पण जुन्या कंपनीइतकी मी मागतही नाही.

डेटाचा वेग दुसऱ्या कंपनीच्या तुलनेत कमीच. ५जीचं चिन्ह तर दिसतच नाही. बँड जुळतो, तरी नाही. ५जीचेही दोन प्रकार आहेत: एक ४जीचा आधार घेऊन चालणारा, दुसरा स्वतंत्र. ही कंपनी स्वतंत्र प्रकार वापरते आणि माझा फोन आधारवालाच ओळखतो. मला त्याचं काही नाही. पेशंटला व्यायामाचा व्हिडिओ पाठवायला ४जी पुरतं. तुमचं काम मोठाल्या फाइली चढवण्याचं असेल तर माझा निवाडा तुम्हाला लागू नाही. दुसऱ्या कंपनीकडे जा, आणि घरात वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल, चालतं का ते आधी बघा.

स्वतःचे टॉवर नसलेल्या, दुसऱ्याचं नेटवर्क भाड्याने घेऊन स्वस्तात सेवा विकणाऱ्या कंपन्याही असतात. टॉवर तोच, म्हणून सगळं तसंच चालेल असं धरू नका. रेंज मिळते, पण व्होल्टी आणि वायफाय कॉलिंग कोणाला द्यायचं हे बऱ्याचदा त्यांचं वेगळं असतं. मूळ कंपनीवर चालणारा फोन भाडेकरू कंपनीवर मुका होऊ शकतो.

नंबर पोर्ट करायची घाई मी केली नाही. नव्या कंपनीचं आधी वेगळं, लहानात लहान प्रीपेड सिम घेतलं, आणि ते पहिल्याच खाचेत घालून पाहिलं. हे महत्त्वाचं आहे, कारण स्वस्त ड्युअल सिम फोनांत दोन्ही सिमना एकाच वेळी व्होल्टी मिळेलच असं नसतं, आणि मग दोष कंपनीचा की खाचेचा हे कळत नाही. तपासणी साधी: रिंग किती वेळात जाते, बोलताना वर ४जी टिकतं का, बोलता बोलता एखादं पान उघडतं का, आणि आलेला कॉलही तसाच चालतो का. बाहेरून येणारा कॉल लोक तपासायला विसरतात. हे सगळं आपण जिथे प्रत्यक्ष वावरतो तिथेच करायचं. मी पेशंटच्या खोल्यांमधून केलं, तेव्हाच दोन आणि तीन नंबरमधला फरक कळला.

सतत देश बदलणाऱ्याने असला फोन घेऊच नये. रोमिंगवरचं व्होल्टी हे वेगळं प्रकरण आहे, घरच्या कंपनीवर चालतं म्हणून परदेशात चालेल असं नाही, आणि तिथे २जी-३जी बंद झालेलं असलं तर इंटरनेट धावेल पण तोंडातून शब्द पोचणार नाही.

तिसऱ्या कंपनीला चार गुण. पाचवा का नाही, तर मध्यंतरी फोनचा सॉफ्टवेअर अपडेट आला आणि वायफाय कॉलिंग आपोआप बंद झालं. ते ना फोनवाल्यांनी कळवलं, ना सिमवाल्यांनी. आता अपडेट झाला की मी पहिल्यांदा सिम स्टेटस उघडते, मग काकांना एक फोन लावते. ते उचलतात आणि आधी विचारतात, "अक्षरं काय म्हणतायत?" गुडघ्याच्या व्यायामाबद्दल मी विचारलं की मात्र त्यांना आवाज तुटक येतो.