‘गोंडोलापासून पाच मिनिटे’ म्हणणारी गुलमर्गची स्वस्त खोली

गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचं ठरवत असाल आणि तिथल्या हॉटेलांचे दर बघून स्वस्त खोली शोधत असाल, तर आमच्या बाबतीत काय झालं ते आधी वाचा. मी, माझी बहीण आणि तिचा चौदा वर्षांचा मुलगा असे आम्ही तिघं फेब्रुवारीत गेलो होतो. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त चीड येते ती हे सगळं किती पद्धतशीर होतं याची.

बर्फाच्या दिवसांत गुलमर्गात खोल्या मोजक्या आणि येणारे भरपूर, त्यामुळे भाव चढेच असतात. अशा वेळी ‘गोंडोलापासून चालत पाच मिनिटे, बुखारीसह खोली, रोज १,८०० रुपये’ अशी जाहिरात दिसली. (गोंडोला म्हणजे तिथली केबल कार, आणि बुखारी म्हणजे खोली गरम ठेवणारी लाकडाची शेगडी.) फोनवरचा माणूस अतिशय अदबीनं बोलायचा. फोटो आले, खोलीचा व्हिडिओ आला, नकाशावरचं ठिकाण आलं, आणि ते ठिकाण खरोखर गोंडोलाच्या शेजारीच होतं. निम्मी रक्कम आगाऊ मागितली, ती भरल्यावर पावतीही आली. क्यूआर कोडवर हॉटेलचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं, तर ते म्हणे त्यांच्या हिशेबनिसाचं खातं. ‘मॅडम, तुमचं सिम प्रीपेड आहे की पोस्टपेड?’ हेही त्यानं आपणहून विचारलं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून काळजीनं विचारतोय असंच कोणालाही वाटेल.

निघायच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला. थंडीनं नळ गोठून पाइप फुटले आहेत, तुमची खोली ‘आमच्याच दुसऱ्या प्रॉपर्टीत’ हलवली आहे, काळजी करू नका, जवळच आहे. कडाक्याच्या थंडीत तिथे पाइप खरोखरच फुटतात, त्यामुळे हे कारण खोटं ठरवायला आपल्या हातात काहीच नसतं. आणि विमानाची तिकिटं तर काढून झालेली असतात. हा फोन आदल्या रात्रीच का येतो, ते आता कळतं.

ती दुसरी जागा निघाली तंगमर्गला.

नकाशावर तंगमर्ग आणि गुलमर्ग खेटून दिसतात. प्रत्यक्षात मध्ये तेरा किलोमीटरचा वळणावळणाचा चढ आहे. बर्फ पडलेलं असताना त्या रस्त्यावर फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेलीच गाडी वर सोडतात. श्रीनगरहून आलेली आपली टॅक्सी तंगमर्गलाच थांबते. म्हणजे तंगमर्गला राहायचं तर रोज सकाळी वर जायला आणि संध्याकाळी खाली यायला वेगळी गाडी लागते. तंगमर्गला राहण्यात वाईट काही नाही, पुष्कळ लोक ठरवून तिथे राहतात आणि त्यांचं छान भागतं. फक्त ते आधी माहीत असायला हवं, आणि त्या गाडीचा खर्च धरून खोलीचा भाव ठरवायला हवा.

खरी कमाई त्या गाडीतच होती. बाहेरची गाडी इथे आत येऊ देत नाहीत असं सांगून लॉजवाल्यानं स्वतःची गाडी पुढे केली आणि जाऊन-येऊन साडेतीन हजार सांगितले. पुढे आम्ही स्टँडपर्यंत चालत जाऊन विचारलं, तर तोच प्रवास जवळपास निम्म्या पैशांत ठरला. स्टँडवरच्या त्या वयस्क चालकानं लॉजचं नाव ऐकताच मान हलवली. म्हणाला, ‘ताई, ते खोली स्वस्त देतात ती गाडीसाठीच.’ अशा लोकांमुळे सगळ्या खोऱ्याचं नाव खराब होतं, याचं त्याला आमच्यापेक्षा जास्त दुःख होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण असा अनुभव ऐकून कोणी सरसकट काश्मिरी माणसाला बोल लावू नये. आम्हाला मदत झाली ती तिथल्याच माणसांकडून.

बाकीचं थोडक्यात सांगते. बुखारी खोलीत होती, पण लाकडाचे पैसे रोजचे वेगळे. फोटोत दिसणारे इलेक्ट्रिक ब्लँकेट होते, पण वीज गेली की जनरेटर लावायचे पैसे मागायचे, नाहीतर रात्र तशीच काढायची. भाचा दोन स्वेटर आणि जॅकेट घालून झोपला.

स्कीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. लॉजवाल्यानं ‘गोंडोला सेकंड फेजसह स्की पॅकेज’ गळ्यात मारायचा फार प्रयत्न केला. गोंडोलाचा पहिला टप्पा गुलमर्गहून कोंगडोरीला जातो आणि दुसरा तिथून अफरवट डोंगराच्या अंगावर, जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर. वरचे उतार मुरलेल्या स्कीअरसाठी आहेत, आणि हिमस्खलनाचा धोका किंवा जोराचा वारा असला की तो टप्पा बंद ठेवतात. ज्यानं पायात कधी स्की घातली नाही त्याला वर नेण्यात काहीही अर्थ नाही. नवशिक्यानं शिकायचं ते खाली, गुलमर्गच्या मैदानालगतच्या लहान उतारांवर. त्यासाठी गोंडोलाचं तिकीटच लागत नाही. आम्ही गोंडोलातून नुसतं फिरून यायचं म्हणून त्याच्याकडून तिकिटं घेतली, तर त्यावर भलत्याच लोकांची नावं निघाली आणि ओळखपत्र बघून आम्हाला दारातून परत पाठवलं. गोंडोलाची तिकिटं केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतःच्या नावानं काढायची, दुसरा कुठलाही मार्ग धरू नका. शिकवणाऱ्याकडेही पर्यटन विभागाचं नोंदणीचं ओळखपत्र मागा. खऱ्या प्रशिक्षकाला त्याचा राग येत नाही, तो ते आनंदानं दाखवतो.

सगळ्यात वाईट प्रकार निघताना झाला. आल्या आल्या ‘रजिस्टरसाठी’ म्हणून आमची मूळ आधार कार्डं घेतली होती. हिशेबात खोलीचा भाव अचानक दुप्पट झाला, कारण म्हणे १,८०० हा दर ‘ऑफ सीझन’चा होता. पावती दाखवली तर उत्तर आलं, ती गुलमर्गच्या हॉटेलची आहे, हे हॉटेल वेगळं. पैसे दिल्याशिवाय कार्डं मिळणार नाहीत. विमानाची वेळ होत आलेली, बहिणीचा फोन प्रीपेड म्हणून बंद, आणि भाचा रडकुंडीला आलेला. सिमबद्दलच्या त्या चौकशीचा अर्थ मला तेव्हा लागला. माझं सिम पोस्टपेड होतं. मी लॉजवाल्यासमोर ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावला आणि पत्ता सांगायला सुरुवात केली. त्याबरोबर कार्डं टेबलावर आली. पण लाकूड, जनरेटर आणि ‘सर्व्हिस’ या नावाखाली त्यानं आणखी पैसे काढलेच, आगाऊ रक्कम गेली ती वेगळीच.

मूळ ओळखपत्र कोणाच्याही ताब्यात देऊ नका. दाखवा, हवं तर झेरॉक्स द्या. घरातलं एक तरी सिम पोस्टपेड असू द्या. आणि भाव ठरवताना लेखी संदेशात चार गोष्टी सरळ विचारा: खोली गुलमर्गात आहे की तंगमर्गात, लाकूड आणि वीज भाड्यात धरली आहे का, गाडी आमची आम्ही ठरवू शकतो का, आणि जागा बदलली तर पैसे परत मिळतील का. प्रामाणिक मालक एका ओळीत उत्तर देतो. आम्ही नंतर दुसऱ्या दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं, तशी उत्तरं मिळालीही.

असं झालंच तर पैसे बुडाले असं समजून गप्प बसू नका. खोटं हॉटेल दाखवून पैसे घेऊन माणूस पसारच झाला असेल, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर होईल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. आमच्यासारखी खोली मिळाली पण कबूल केलेली नाही, असा प्रकार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी काश्मीरला जावं लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, नकाशावरचं ठिकाण, क्यूआर कोडवरचं नाव, सगळे संदेश आणि प्रत्यक्ष खोलीचे फोटो जपून ठेवा. ती जाहिरात दुसऱ्याच दिवशी गायब होते.

आमची तक्रार दाखल झाली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. तेच फोटो आता वेगळ्या नावानं फिरताहेत: लाकडी भिंतीची खोली, निळ्या चौकटीची खिडकी, आणि खिडकीत तांब्याचा समोवार, म्हणजे चहाचं काश्मिरी भांडं. हा फोटो दिसला तर पैसे पाठवू नका.