हाताला धरून शिकणारा कोबॉट आणि अर्धवट ऐकणारी जोड: यूआर१०ई वापरल्यानंतर

सीएनसी लेथच्या चकमध्ये (तुकडा घट्ट धरणाऱ्या जबड्यांमध्ये) कच्चा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावणे आणि तयार झालेला जॉब काढून ट्रेमध्ये ठेवणे, एवढ्याच कामासाठी आमच्या भोसरीच्या कारखान्यात युनिव्हर्सल रोबॉट्स या डॅनिश कंपनीचा यूआर१०ई हा कोबॉट, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारा रोबो-हात, बसवलेला आहे. त्याच्याबरोबर मराठीत बोलून आज्ञा देता येतील अशी एक जोड आम्ही एका स्थानिक इंटिग्रेटरकडून (रोबो बसवून जोडून देणाऱ्या व्यावसायिकाकडून) स्वतंत्रपणे घेतली. विक्रीच्या वेळी या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात: हात धरून जागा दाखवा, तोंडाने काम सांगा, प्रोग्रॅमरची गरजच नाही. प्रत्यक्षात या दोन सोयींची योग्यता एकसारखी नाही. हाताने शिकवण्याची सोय पहिल्या आठवड्यापासून उपयोगी पडली आणि आजही रोज वापरली जाते. आवाजाची जोड मात्र ठरावीक कामांपलीकडे नेली की वेळ वाचवण्याऐवजी खाऊ लागते. असा कोबॉट घेण्याच्या विचारात असलेल्या लहान कारखानदारांनी दोन्हींचा हिशेब वेगवेगळा करावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

रोबोला हात धरून शिकवणे ही कल्पना नवी नाही. नॉर्वेतील ब्रूना येथील ट्रालफा ही कंपनी हातगाड्या बनवत असे आणि त्यांना रंग मारण्यासाठी तिने तयार केलेला रोबो १९६९पासून बाजारात आला. कसबी रंगाऱ्याने रोबोचे टोक हातात धरून एकदा फवारा मारून दाखवायचा आणि रोबोने ती हालचाल जशीच्या तशी पुन्हा करायची, अशी त्याची रीत होती. मधल्या काळात जड रोबो कुंपणाआड गेले आणि त्यांना शिकवणे पेंडंटच्या (हातात धरायच्या, पडदा असलेल्या नियंत्रकाच्या) कळांवर आले. २००५ साली ओडेन्समध्ये सुरू झालेल्या युनिव्हर्सल रोबॉट्सने २००८ साली पहिला यूआर५ विकला, तेव्हा हलका, माणसाच्या शेजारी चालणारा आणि हाताने हलवता येणारा रोबो लहान कारखान्यांच्या आवाक्यात येऊ लागला. पुण्याच्या परिसराला हे यंत्र अनोळखी नाही. बजाज ऑटोच्या चाकणच्या कारखान्यात या कंपनीचे शंभराहून अधिक कोबॉट जुळणीच्या कामावर आहेत.

यूआर१०ईची पोच १,३०० मिलिमीटर आहे, तो साडेबारा किलोपर्यंत वजन उचलतो आणि शिकवलेल्या बिंदूवर ०.०५ मिलिमीटरच्या फरकाने पुन्हा पुन्हा परत येतो. पेंडंटच्या मागच्या बाजूला फ्रीड्राइव्हचे, म्हणजे हात मोकळा सोडण्याचे, बटण असते. ते दाबून धरले की हाताचे सहाही सांधे सैल होतात, पण हात खाली पडत नाही. कंट्रोलर प्रत्येक सांध्याच्या मोटरला गुरुत्वाकर्षण पेलण्यापुरताच जोर देत राहतो. आमचा सेटर (यंत्र कामाला लावून देणारा कारागीर) पेंडंट डाव्या हाताच्या कोपरावर तोलून बटण दाबतो, उजव्या हाताने ग्रिपर, म्हणजे रोबोच्या टोकाचा पकडणारा पंजा, धरून तो चकच्या तोंडाशी आणतो, बटण सोडतो आणि पडद्यावर तो बिंदू जतन करतो. ट्रेच्या वर, ट्रेमध्ये, मशीनच्या दाराबाहेर, दाराच्या आत, चकसमोर, चकमध्ये, असा सगळा मार्ग तो जेवणाच्या सुट्टीआधी दाखवून मोकळा होतो. कुठे कोपर मशीनच्या पत्र्याला लागेल, कुठे केबल ताणली जाईल, कुठे कूलंटच्या नळीला धक्का बसेल, हे त्याला हात फिरवतानाच दिसते. पेंडंटच्या बाणांनी हेच काम करताना नजर सारखी पडद्याकडे जाते आणि धडक व्हायची ती नेमकी तेव्हाच होते.

मात्र ही सोय नीट चालण्यासाठी एक अट आहे आणि प्रात्यक्षिकात ती कोणी ठासून सांगत नाही. ग्रिपरचे व जॉबचे वजन आणि त्याचा गुरुत्वमध्य कंट्रोलरला अचूक माहीत असला पाहिजे. आमच्याकडे दुहेरी ग्रिपर आहे. एका बाजूला कच्चा जॉब, दुसऱ्या बाजूला तयार जॉब. त्यामुळे एका फेरीतच टोकाशी असलेले वजन अनेकदा बदलते. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पकडीनंतर नवे वजन नोंदवले असेल तर कुठेही थांबवून फ्रीड्राइव्ह दाबले तरी हात जागच्या जागी तरंगतो. ती नोंद राहिली असेल तर बटण दाबताच हात आपोआप खाली झुकू लागतो किंवा वर उचलला जातो, आणि ग्रिपर त्या वेळी चकमध्ये असेल तर बोटे वेळेवर काढणे सोपे नसते. कंपनीच्या पुस्तिकेत हा इशारा स्पष्ट आहे. इंटिग्रेटर वजन मोजून नोंदवतो की अंदाजाने टाकतो, हे बसवणीच्या दिवशी शेजारी उभे राहून पाहावे.

दुसरी गोष्ट अचूकतेची. रोबो ०.०५ मिलिमीटरपर्यंत परत येतो म्हणून त्याला तितक्या अचूकतेने शिकवता येते, असा समज सहज होतो. माणसाच्या हाताने आणि नजरेने जागा दाखवली तर अर्धा-पाऊण मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, आणि रोबो ती चूक मोठ्या इमानाने प्रत्येक फेरीत करत राहील. चकसारख्या जागी एवढी चूक चालत नाही. जॉब तिरका बसतो आणि जबड्यांना घासतो. यावर यंत्रातच दोन चांगले उपाय आहेत. फ्रीड्राइव्हमध्ये काही अक्ष बांधून ठेवता येतात, म्हणजे ग्रिपरचा कोन कायम ठेवून फक्त सरळ रेषेत ढकलता येते. चकच्या अक्षाला समांतर राहण्यासाठी आम्ही हेच वापरतो. शिवाय यूआर१०ई ज्या ई-मालिकेतला आहे तिच्या रोबोंच्या मनगटातच बल मोजणारा सेन्सर बसवलेला असल्यामुळे ‘टेकेपर्यंत पुढे जा’ अशी हालचाल प्रोग्रॅममध्ये देता येते. जॉब जबड्यांच्या तळाला टेकला की हात थांबतो, मग चक आवळला जातो. कच्च्या फोर्जिंगच्या (ठोकून घडवलेल्या तुकड्याच्या) लांबीत थोडा फरक असला तरी त्यामुळे अडत नाही. थोडक्यात, हाताने फक्त जवळ आणायचे आणि शेवटचे अंतर यंत्राला स्पर्शाने शोधू द्यायचे.

हाताला लागणाऱ्या जोराबाबत अपेक्षा ठेवताना एक फरक लक्षात घ्यावा. कूका कंपनीच्या एलबीआर ईवासारख्या सात अक्षांच्या रोबोत प्रत्येक सांध्यात पीळ मोजणारा सेन्सर असतो, आणि असा हात बोटांनीही अलगद वळतो. यूआरच्या सांध्यांत तशी रचना नाही, त्यामुळे त्याचा हात किंचित जड लागतो आणि अगदी बारीक हालचाल करताना आधी अडून मग एकदम सुटतो. पॉलिशिंग किंवा वळणदार शिवणीचे वेल्डिंग शिकवायचे असेल तर हा फरक जाणवेल. जॉब लावण्या-काढण्यासाठी त्याने काही बिघडत नाही.

आता आवाजाच्या जोडीकडे वळू. हिच्यात कानावर बसणारा मायक्रोफोन, कमरेला लावायचे बोलण्याचे बटण आणि कंट्रोलरशेजारी ठेवलेला एक छोटा संगणक असतो. बटण दाबून बोललेले वाक्य आधी मजकुरात बदलते, मग त्यातली आज्ञा ओळखली जाते आणि ती रोबोच्या स्वतःच्या भाषेतील ओळींमध्ये रूपांतरित होते. मोकळ्या बोलण्यावरून काहीही समजून घेईल अशी ही जोड नाही. ठरावीक क्रियापदे आणि आपण ठेवलेली नावे एवढेच तिला कळते. या मर्यादेत तिचे काम खरोखर चांगले आहे. सेटर एका हाताने ग्रिपर धरून उभा असताना ‘ही जागा चकसमोर म्हणून ठेव’ असे म्हणतो आणि बिंदू त्या नावाने जतन होतो. पूर्वी पडद्यावर वेपॉइंट १, वेपॉइंट २ अशीच नावे राहत, कारण कूलंटने ओल्या हातांनी टायपिंग करायला कोणी तयार नसे, आणि पुढच्या शिफ्टमधल्या माणसाला कोणता बिंदू कुठला हे कळत नसे. आता प्रोग्रॅम वाचता येतो. माझ्या मते या जोडीचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे, आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नेमका त्याचाच उल्लेख नाही.

क्रम सांगण्यासाठीही तिचा उपयोग होतो. ‘ट्रे संपली की होमला जा आणि दिवा लाव’, ‘दार उघडल्याशिवाय आत जाऊ नकोस’ अशी वाक्ये ती व्यवस्थित घेते आणि पडद्यावर अटीच्या रूपात दाखवून मगच मान्यता मागते. हाताने जागा दाखवता येते, अट दाखवता येत नाही. ती उणीव आवाज भरून काढतो.

अडचण सुरू होते ती आकड्यांपासून. ‘त्रेचाळीस मिलिमीटर वर घे’ म्हटल्यावर त्रेसष्ट ऐकले गेल्याचे आम्ही पाहिले आहे. मान्यता मागण्याची पायरी असल्यामुळे नुकसान झाले नाही, पण प्रत्येक आकडा पडद्यावर वाचूनच खात्री करायची असेल तर तो तिथेच टाकणे जलद होते. शेवटी विक्रेत्याने ‘चार, तीन’ असे एकेक अंक बोलण्याची पद्धत सुचवली. ती चालते, पण मग सहज मराठीत बोला या दाव्याला फारसा अर्थ उरत नाही. ‘उजवीकडे’ आणि ‘पुढे’ हे शब्दही असेच त्रासाचे आहेत. जोड त्यांचा अर्थ रोबोच्या पायथ्यावरून लावते, तर समोर उभा असलेला माणूस स्वतःवरून; दोघे समोरासमोर असतील तर आज्ञा नेमकी उलटी पडते. आम्ही दिशादर्शक शब्द वापरणेच बंद केले आणि ‘ट्रेकडे’, ‘मशीनकडे’, ‘भिंतीकडे’ अशी नावे शिकवली.

गोंगाटाचा प्रश्न अपेक्षेपेक्षा सौम्य निघाला. लेथचा आणि कॉम्प्रेसरचा सलग आवाज मायक्रोफोन बऱ्यापैकी गाळतो. हवेची गन सुरू झाली की मात्र वाक्य अर्धवट तुटते. बोलीबाबत सांगायचे तर आमचे अर्धे ऑपरेटर मराठवाड्यातले, काही खानदेशातले, आणि सगळेच ‘चक क्लॅम्प कर’, ‘ग्रिपर ओपन कर’ असे मिश्र बोलतात. मिश्र बोलणे जोडीला नीट कळते, घाईत गिळलेली क्रियापदे कळत नाहीत.

एक तांत्रिक बाब खरेदीआधी विचारून घ्यावी. ई-मालिकेतील रोबो बाहेरच्या संगणकाकडून आज्ञा घेण्यासाठी रिमोट पद्धतीवर ठेवावा लागतो, आणि त्या पद्धतीत पेंडंटवरून हात हलवता येत नाही. म्हणजे आवाजाची जोड वरवर जोडली असेल तर बोलणे आणि हाताने शिकवणे यांच्यात सारखी अदलाबदल करावी लागते. चांगल्या जोडणीत प्रोग्रॅम रोबोच्या आतच चालतो, तो संगणकाकडून फक्त आज्ञा वाचतो आणि हात सैल करण्याचे कामही प्रोग्रॅममधूनच होते. आमच्याकडे सुरुवातीला पहिला प्रकार होता. आग्रह धरल्यावर दुसरा करून मिळाला.

सुरक्षेबाबत विक्रेत्यांच्या बोलण्यात जी ढिलाई आढळते ती मला गंभीर वाटते. ‘थांब म्हटले की थांबतो’ हे प्रात्यक्षिकात पाहायला छान असले, तरी तो आपत्कालीन थांबा नव्हे. वाक्य ऐकून, ओळखून, आज्ञा पोहोचायला एक सेकंद जरी लागला तरी शिकवण्यासाठी ठरलेल्या सेकंदाला २५० मिलिमीटर या मर्यादित वेगातही हात तेवढ्यात पाव मीटर पुढे गेलेला असतो; पूर्ण वेगात त्याहून बराच जास्त. आयएसओ १०२१८ या रोबो-सुरक्षेच्या मानकात थांबवण्याच्या यंत्रणेकडून ज्या दर्जाची खात्री मागितली आहे, ती आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरकडून मिळत नाही. लाल बटण हाताशी हवेच, आणि शिकवताना तीन स्थितींचे एनेबल बटण असलेले पेंडंट घ्यावे; घाबरून माणसाने ते घट्ट आवळले किंवा सोडून दिले, दोन्ही वेळी रोबो थांबतो. कोबॉट म्हणजे आपोआप सुरक्षित हा समजही सोडावा. हात मऊ असला तरी ग्रिपरमध्ये धरलेल्या फोर्जिंगची कड धारदारच असते, म्हणून जोखीम तपासणी जॉब आणि ग्रिपर यांसकट व्हायला हवी.

प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या वातानुकूलित खोलीत पाहू नये. आपला जॉब, आपला ऑपरेटर आणि शेजारी चालू असलेले मशीन यांच्यासह आपल्याच शेडमध्ये मागावे. कोबॉटसाठी ते सहसा मान्य होते, आवाजाच्या जोडीसाठी टाळाटाळ होते. बारा महिने एकच जॉब चालवणाऱ्या कारखान्याला जोडीची गरज नाही, कारण त्याचे शिकवण्याचे काम एकदाच होते. आमच्यासारखे जॉब सतत बदलत असतील तर बिंदूंना नावे देणे आणि अटी सांगणे एवढ्यासाठी ती घेण्यासारखी आहे, पण वार्षिक शुल्काच्या बोलीवर, एकरकमी नव्हे. आकडे नीट ऐकण्याची सुधारणा पुढच्या आवृत्तीत येईल असे आमच्या विक्रेत्याने लेखी दिले आहे. ती येईपर्यंत दुसऱ्या लेथसाठी आम्ही फक्त कोबॉट मागवला आहे.