एफएम की एएम: पहिला ट्रान्समीटर कोणता जोडावा?

चवथीला डिचोलीहून भाचा आला तो प्रश्न घेऊनच. "मामा, शाळेच्या प्रदर्शनाला ट्रान्समीटर करतोय. एफएमचा करू की एएमचा?"

एफएमचा मोह कुणालाही पडतो. बीसी 547 ट्रान्झिस्टर, माईक, चार-पाच फेऱ्यांची कॉइल, ट्रिमर (फिरवून कमी-जास्त करता येणारा कपॅसिटर), 9 व्होल्टची बॅटरी, मूठभर सामान. पण ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या पाटीवर, हे सर्किट हमखास रुसतं. सर्किटला सतत डोलत ठेवणारा फीडबॅकचा कपॅसिटरच जेमतेम 4.7 पिकोफॅरडचा (पिकोफॅरड हे कपॅसिटर मोजायचं अगदी बारीक माप), आणि ब्रेडबोर्डच्या शेजारच्या पट्ट्यांमध्येही जवळपास तेवढेच पिकोफॅरड दडलेले असतात. म्हणून कॉपर क्लॅडच्या, म्हणजे तांब्याचा पत्रा चढवलेल्या बोर्डाच्या तुकड्यावर, भागांचे पाय आखूड कापून सोल्डर करायचं. रेडिओचा काटा फिरवताना खरखर एखाद्या जागी एकदम गप्प झाली तर सर्किट चालू आहे, फक्त आवाज पोचत नाही. माईक उलटा लागलाय का बघा. खरखर कुठेच थांबत नसेल तर कॉइल जराशी ताणा किंवा दाबा. ताणली की फ्रिक्वेन्सी वर जाते. अर्थात नुसता हात जवळ नेला तरी ती सरकते.

हे सरकणंच मला गोव्यात नको वाटतं. एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो आणि लगेच विमानांचा सुरू होतो. आपल्याकडे दाबोळी आणि मोपा, दोन विमानतळ!

एएमला 1 मेगाहर्ट्झचा तयार क्रिस्टल ऑसिलेटर घ्या, ठरलेली फ्रिक्वेन्सी आपणहून काढणारी चार पायांची धातूची डबी. ब्रेडबोर्डवर चालतो, 1000 किलोहर्ट्झवरून हलत नाही. त्याचा 5 व्होल्टचा पुरवठा ऑडिओ ट्रान्सफॉर्मरच्या 1000 ओहमच्या बाजूतून न्यायचा, मोबाइलचा आवाज 8 ओहमच्या बाजूला द्यायचा. आवाज पुटपुटल्यासारखा आला तर बहुतेक ट्रान्सफॉर्मर उलटा जोडलाय. अजिबात नसेल तर आधी रेडिओच आडवा-उभा फिरवून बघा.

तोटेही आहेत. गाणं बोदं वाटतं, एलईडी दिवा आणि चार्जर मध्ये गुरगुरतात, मोबाइलवर एएम लागत नाही. तरी पहिल्या खेपेला मी एएमच सांगेन. परवान्याशिवाय प्रक्षेपणाला आपल्याकडे बंदी आहे, तेव्हा एरियलची वायर वीतभरच ठेवा, आवाज टेबलापलीकडे जाऊ देऊ नका. लांबवर बोलायची हौस असेल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा द्या.

घरात जुना रेडिओ नसेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शोधा. जाताना खिशात दोन सेल असू द्या. पैसे देण्याआधी मीडियम वेव्हवर, म्हणजे एएमच्या पट्ट्यावर, खरखर येते का, तेवढं ऐकून घ्या.